साराची कबर का गाळली?

माझा स्वभाव संशयी आहे असं माझा मुलगा नातन म्हणतो, सून म्हणते, आणि शेजारची मेहरुन तर माझ्या तोंडावर म्हणते. म्हणोत बापडे. संशय काय कुणी हौसेनं घेतं? लोक वागतातच तसे, म्हणून घ्यावा लागतो.

आता हसकेलभावजींचंच घ्या. हे माझे दीर, माझ्या नवऱ्याचे धाकटे भाऊ. भुसावळला रेल्वेत गार्ड होते. निवृत्त झाल्यावर जळगावात आले आणि माझ्यापासून दोन गल्ल्या सोडून राहायला लागले. बायको वारली, मुलगी शोशाना इस्राएलमध्ये अश्दोदला असते. माझे बिन्यामीन गेले तेव्हापासून दर शनिवारी सकाळी भावजी माझ्याकडे येतात. आम्ही बेने इस्राएल, म्हणजे ज्यू. आडनाव पेझारकर, मूळ कोकणातलं, पण आजे-पणजे रेल्वेच्या मागं इकडं आले आणि आम्ही पुरते खान्देशी होऊन गेलो. एके काळी शनिवारी आमच्या पुढच्या खोलीत पाय ठेवायला जागा नसायची. मग कुणी ठाण्याला गेलं, कुणी इस्राएलला गेलं, कुणी नशिराबादच्या रस्त्याला आमच्या कब्रस्तानात जाऊन निजलं. आता जळगावात शनिवार पाळणारी माणसं उरली दोन. एक ते आणि एक मी, हन्नाबाई. गल्लीतले लोक अजून आमच्या घराला शनिवारवाल्यांचं घर म्हणतात.

आमच्यात दर आठवड्याला तोराचा, म्हणजे आमच्या धर्मग्रंथाचा, एक भाग वाचायचा असतो, त्याला पराशा म्हणतात. कोणत्या शनिवारी कोणता भाग, हे ठरलेलं. न्यूयॉर्कला जा नाहीतर जळगावला या, त्या दिवशी तोच. वर्षभरात पुस्तक संपतं की पुन्हा पहिल्यापासून. भावजी मराठीतून वाचतात, मग चष्मा काढून मांडीवर ठेवतात आणि बोध सांगतात. म्हणजे हजारो वर्षांपूर्वीच्या या गोष्टीतून आपण आज काय शिकायचं. मी मध्ये मध्ये टोकते, ते चिडतात, मग मनुकांच्या शरबतावर किद्दूश, म्हणजे शनिवारची प्रार्थना, म्हणायची आणि शुक्रवारी करून ठेवलेलं गार जेवण जेवायचं. असं आमचं चाललेलं असतं. आठवडाभर मी त्या सकाळची वाट बघते. हे मी त्यांना कधी सांगितलेलं नाही, सांगणारही नाही.

तर इतक्या वर्षांत त्यांचे बोध मला तोंडपाठ झालेत. नोहाच्या आठवड्यात ते विचारतात, नोहानं शेजाऱ्यांना नावेत का घेतलं नाही? पुढच्या आठवड्यात अब्राहाम आणि त्याचा पुतण्या लोट वेगळे होतात, तेव्हा बोध असतो की वाटणीवरून भांडू नये. दरवर्षी हेच. मी म्हणतेसुद्धा, भावजी, जरा कॅसेट बदला.

यंदा त्यांनी खरंच बदलली.

दिवाळी झाली, नोहा झाला आणि अब्राहामची पराशा आली. देव त्याला म्हणतो, तुझा मुलूख सोड, बापाचं घर सोड आणि मी दाखवीन तिकडं चालायला लाग. भावजींनी वाचलं, चष्मा काढला. मी आपली वाटणीच्या बोधाची तयारी करून बसले होते. तर हे म्हणतात, "बघा वहिनी, अब्राहाम घरातून निघाला तेव्हा पंचाहत्तर वर्षांचा होता. आजच्या काळात आपण याच्यातून काय घ्यायचं? तर निघायला वय आड येत नाही. माणसानं घराला चिकटून बसू नये."

भावजींना श्रावणातच पंचाहत्तर पूर्ण झाली होती. माझ्या मनात पाल चुकचुकली.

"कुठं निघायचं म्हणता?" मी विचारलं.

"मी अब्राहामबद्दल बोलतोय," ते म्हणाले आणि खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर बघण्यासारखं काही नव्हतं. शेजारच्या हनीफची रिक्षा उभी होती, ती रोजच असते.

जेवताना शोशानाचा विषय निघाला. नाही, मीच काढला. "काय म्हणतेय अश्दोद?" म्हटलं. तर म्हणाले, "बोलावते सारखी." आणि पुढं चूप! एरवी नातवाच्या पहिल्या दातापासून सगळं सांगणारा माणूस हा.

मला त्या दिवशी जेवण गेलं नाही. खोटं कशाला बोलू, मला भीती वाटली. हे गेले तर शनिवारी मी कुणासमोर बसायचं? भिंतीला पराशा वाचून दाखवायची? नातन पुण्याला, त्याला शनिवारची सुट्टी म्हणजे मॉल. या गावात माझ्याबरोबर आमेन म्हणणारं एक माणूस उरलेलं, तेही चाललं आणि मला सरळ सांगतसुद्धा नाही. लेकी बोले सुने लागे, तसं अब्राहामच्या आडून सांगतंय.

सोमवारी मेहरुन आली. शनिवारी आम्ही गॅस पेटवत नाही, तेव्हा तीच येऊन चहा टाकून देते. बाकीचे दिवस नुसत्या बातम्या घेऊन येते. म्हणाली, "खाला, हसकेलचाचा काल स्टँडजवळ उभे होते. धुळ्याच्या त्या नवलभाऊसोबत. लय वेळ बोलत होते."

"कोण नवल?"

"अहो तोच, घरं विकून देतो ना लोकांची. हनीफच्या मामूचं घर त्यानंच काढलं."

 मी मनात म्हटलं, बघा, कुठंतरी पाणी मुरतंय म्हणत होते ना मी.

आणि बुधवारी तर तो नवल स्वतःच माझ्या दारात! जाड, हसरा, कानाला फोन आणि त्यात स्वतःचं नाव ठणकावून सांगत. माझ्या घरासमोर उभा राहून त्यानं वर बघितलं, खाली बघितलं, फोटो काढला. मी जाळीतून बघत होते. म्हटलं, याला बहुतेक भावजींचं घर सापडत नाहीये. दार उघडलं, तर म्हणतो, "अक्का, जरा पानी मिळी का?"

दिलं. दारात आलेल्या माणसाला पाणी नाही म्हणू नये. पाणी पिता पिता त्यानं विचारलं, "आठे नळले पानी कितला दिनमा येस?"

"एक दिवसाआड," मी म्हटलं.

"आन् बठ्ठं बांधकाम पक्कं शे ना?"

"या गल्लीतली सगळीच घरं पक्की आहेत." मी मुद्दाम जोर देऊन सांगितलं. भावजींच्या घराला भाव कमी मिळायला नको, ते माझे कितीही का गुन्हेगार असेनात. तो खूश होऊन गेला.

मग आला दुसरा शनिवार. त्या आठवड्याच्या पराशेत अब्राहाम तंबूच्या दारात बसलेला असतो, तीन अनोळखी माणसं दिसतात आणि तो म्हातारा उन्हातून पळत जाऊन त्यांना बोलावतो. दरवर्षी भावजींचा बोध म्हणजे पाहुणचार. यंदा त्यांनी पाहुण्यांना भरभर वाढलं आणि वाटेला लावलं. थांबले ते थेट लोटाच्या बायकोपाशी. गाव जळतंय, देवदूत सांगतात मागं बघू नका, ती बघते आणि मिठाचा खांब होऊन जाते.

"आज आपल्यासाठी याचा अर्थ काय?" भावजी म्हणाले. "मागं बघत बसणारं माणूस जागच्या जागी थिजतं. पुढं मुलंबाळं असतात, नवं आयुष्य असतं."

"अहो, तिचं घर जळत होतं!" माझा आवाज चढला. "तिच्या लेकी होत्या तिथं लग्न करून दिलेल्या. बघणार नाही तर काय करणार? तुमच्या देवदूतांना घर होतं का कधी?"

"वहिनी, तुम्ही फार मनाला लावून घेता."

"मला लावायचंच म्हणून सांगताय ना?"

 त्यांनी चेहरा असा केला की चोरी पकडली गेलीय. मेहरुन चहा घेऊन आली होती, ती म्हणाली, "हमारे में भी है ये किस्सा. बुरी औरत थी वो." मी तिच्यावरही ओरडले. बिचारी कप ठेवून गेली.

आता मात्र मला राहवेना. रविवारी भरीत केलं. थंडी पडायला लागली की आमच्याकडं भरताची वांगी येतात, आणि भावजींना भरीत म्हणजे जीव की प्राण. डबा घेऊन त्यांच्या घरी गेले. भरीत नुसतं निमित्त, मला घर बघायचं होतं. ते डबा रिकामा करायला आत गेले तेवढ्यात मी नजर फिरवली. बॅग कुठं दिसली नाही. पण पलंगाच्या वर त्यांचा आणि बिन्यामीनचा लहानपणचा फोटो असतो, अर्ध्या चड्डीतला, दोघांनी एकच पतंग धरलेला. तो नव्हता. नुसता खिळा. भिंतीवर पांढरा चौकोन.

"फोटो कुठं गेला?" मी विचारलं.

"काच तडकली होती," ते म्हणाले. फार चटकन म्हणाले.

म्हणजे सामान बांधायला सुरुवात झाली! आधी फोटो काढतात, मग भांडी. गावातून गेलेली सगळी घरं मी बघितलीत. 

घरी येऊन नातनला फोन लावला. "तुझे काका कुठं चाललेत का?" सरळ विचारलं.

तो आधी हसला, मग घुटमळला. "आई, काका बोलतील तुझ्याशी. तू काका काय सांगतात ते शांतपणे ऐक. आणि तू ये ना इकडं, तुला बरं वाटेल." एवढा गोड तो कधी बोलत नाही. गेल्या पावसाळ्यात मी मोरीत घसरले आणि मनगट मोडलं, तेव्हापासून तो माझ्याशी नुसता दरडावून बोलतो. म्हणजे यालासुद्धा माहीत होतं. सगळ्या जगाला माहीत होतं, मी सोडून.

आणि मग तिसरा शनिवार उजाडला.

ही पराशा सुरू होते ती सारा मरते तिथून. देवानं अब्राहामला अख्खा देश द्यायचं कबूल केलेलं, पण बायको गेली तेव्हा तिला पुरायला हातभर जमीन नाही. तो त्या गावच्या लोकांपुढं उभा राहतो, वाकतो, आणि जागा मागतो. बिन्यामीनला मूठमाती दिली त्या दिवशी भावजींनी कबरीपाशी उभं राहून हेच वाचलं होतं. आणि दरवर्षी या आठवड्याचा त्यांचा बोध ठरलेला. जिथं आपलं माणूस पुरलं, तो आपला गाव. वर्षातून हा एक बोध असा की त्यात मी टोकत नाही.

भावजी आले, बसले. मेहरुन चहा टाकून गेली होती. त्यांनी पुस्तक उघडलं, पान उलटलं, आणखी एक उलटलं आणि वाचायला लागले, "अब्राहाम आता फार म्हातारा झाला होता. त्यानं आपल्या जुन्या नोकराला बोलावलं..."

"थांबा," मी म्हटलं. "सारा कुठं गेली?"

"तो भाग आपल्याला माहीतच आहे. आज पुढचा वाचू."

"माहीत तर सगळंच आहे. मग पुस्तक कशाला उघडायचं?"

"वाचू द्या, वहिनी."

वाचू दिलं. दात आवळून वाचू दिलं. पराशा अर्धी वाचतात हे मी जन्मात पहिल्यांदा बघत होते. ताप असला तरी, घरात मयत असलं तरी या माणसानं कधी एक ओळ गाळली नव्हती. आता ते वाचत होते, नोकर अब्राहामच्या मुलासाठी बायको आणायला उंट घेऊन जातो, विहिरीवर रिबका भेटते, ती उंटांना पाणी पाजते, तिच्या घरी बोलणी होतात, आणि ती त्याच्याबरोबर निघते. शेवटी शेवटी तर गाडी सुटल्यासारखे वाचत होते. मग चष्मा काढला.

"रिबका एका दिवसात निघाली," ते म्हणाले, पण आवाजात जीव नव्हता. "घर सोडलं, गाव सोडलं. तिकडं तिला भरलं घर मिळालं. आजच्या काळात आपणही... म्हणजे माणसानं उतारवयात आपल्या लोकांत राहावं."

"कुठलं भरलं घर? दोन पोरं झाली, ती एकमेकांच्या जिवावर उठली. पुढच्या शनिवारी वाचालच की! का तेही गाळणार?" मी उठले आणि त्यांच्या हातातून पुस्तक ओढून घेतलं. आमच्या घरात बाईनं पराशा वाचलेली नाही. माझ्या सासूनं नाही, आईनं नाही. मी उभ्यानं वाचली. सारा मेली. अब्राहाम तिच्यासाठी रडला. मग तो त्या गावच्या लोकांना म्हणाला, मी तुमच्यातला उपरा माणूस आहे, माझं माणूस पुरायला मला जागा द्या. ते म्हणाले, फुकट घे. तो म्हणाला, फुकट नको, सगळ्यांसमोर विकत घेतो. माझा आवाज चिरकत होता, तरी कबरीपर्यंत वाचलं.

"आता सांगा," मी म्हटलं. "हे का गाळलं? लाज वाटली म्हणून ना? भावाला आणि भावजयीला टाकून चाललात म्हणून? जा, भावजी. लेकीकडं जा, मी काय तुमचे पाय धरणार आहे? पण तोंडावर सांगा. ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता? अश्दोदला..."

"अश्दोदला? कोण चाललंय?"

"तुम्ही!"

"मी कुठं चाललोय?"

"मग तो नवल तुमच्या घरासाठी हिंडतोय तो कशाला?"

भावजींनी माझ्याकडं बघितलं. "वहिनी," ते हळूच म्हणाले, "माझं घर भाड्याचं आहे."

भाड्याचं. खरंच की. पहिल्या दिवसापासून भाड्याचं. दर महिन्याला घरमालकाच्या नावानं बोटं मोडतात ती माझ्यासमोरच. संशयाच्या भरात एवढी मोठी गोष्ट डोक्यातून निघून गेली होती. आणि मग मला नवल आठवला, माझ्या दारात, माझ्या हातचं पाणी पिणारा, माझ्या नळाची चौकशी करणारा.

मी खाली बसले.

"नातन म्हणाला," भावजी सांगायला लागले, "आई माझं ऐकत नाही, तुमचं ऐकेल. मोरीत पडलात तेव्हा मेहरुन आली म्हणून बरं, नाहीतर किती वेळ पडून राहिला असता. तो घाबरलाय, वहिनी, त्याची चूक नाही. त्याला घर विकायचंय आणि तुम्हाला पुण्याला न्यायचंय. मी हो म्हणून बसलो. पण तुमच्यासमोर आलं की तोंड उघडेना. म्हटलं, पराशेतून हळूहळू सांगू. पहिल्या दोन वेळा जमलं. आज साराचं पान समोर आलं आणि... ते वाचून तुम्हाला जा म्हणणं मला जमलं नसतं."

"आणि फोटो?"

"त्याची दुसरी प्रत काढायला दिलीय. तुम्हाला न्यायला एक पाहिजे ना."

एक क्षण, फक्त एक क्षण, मला बरं वाटलं. हे जात नव्हते. मग असा संताप आला की काय सांगू. माझंच घर, माझंच बूड उचलायचं, आणि माझ्याच पुढच्या खोलीत बसून, माझंच शरबत पिऊन, देवाच्या पुस्तकातून मला हाकलायचे धडे! मी पुस्तक पुन्हा उघडलं. त्यांनी जिथं गाडी पळवली होती ती जागा शोधायला मला वेळ लागला नाही.

"ही ओळ वाचा," मी म्हटलं. "नाही, मीच वाचते. रिबकेचा भाऊ आणि आई म्हणतात, मुलीला बोलवू या आणि तिलाच विचारू. ऐकलंत? तिलाच विचारू. आता माझा बोध ऐका. त्या काळात, काल विहिरीवर भेटलेल्या माणसाबरोबर धाडायचं होतं, तरी पोरीला बोलावून विचारलं. मी एक्काहत्तर वर्षांची आहे. मला काय विचारलं? तर नळाला पाणी कितीदा येतं!"

भावजींनी दोन्ही हात तोंडावर ठेवले.  मग हात काढून, सरळ माझ्याकडं बघून म्हणाले, "विचारतो. वहिनी, पुण्याला जाणार का?"

नाही म्हणायला मी तोंड उघडलं. आणि मोरीची ती ओली फरशी आठवली. गालाला लागत होती ती, गार. हाका मारून मारून आवाज बसला होता तोही आठवला. नातनला मी त्यातलं निम्मंच सांगितलं होतं. आणि समोर हा माणूस बसलेला, सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात घातलेलं. मी गेले तर हे कुणापुढं चष्मा काढून बसतील? दोन आठवडे मी ज्या भीतीनं जळत होते, तीच यांच्या वाट्याला येणार होती, आणि हे मुकाट्यानं ती घ्यायला निघाले होते.

"तुम्हाला विचारलं का कुणी?" मी म्हटलं.

"मला काय विचारायचंय?"

"मी विचारतेय. अब्राहामचं नको, रिबकेचं नको, नातनला काय शब्द दिलाय तेही नको. हसकेल पेझारकरला काय पाहिजे ते सांगा."

त्यांनी चष्मा घातला, पुन्हा काढला. 

"जाऊ नका," ते म्हणाले. "जाऊ नका, वहिनी."

"मग हेच पहिल्या शनिवारी सांगायला काय झालं होतं!" मी एवढ्या जोरात ओरडले की गल्लीतलं कुत्रं भुंकायला लागलं. आणि ओरडता ओरडताच मला रडू फुटलं.